अंगणातला मुळा, बरणीतली किमची आणि निवृत्तीची पुंजी

दिल्लीत बदलीवर आलेल्या मराठी माणसाची पहिली तक्रार तेथील उन्हाळ्याविषयी असते; आणि दिल्ली सोडताना त्याला हुरहूर लागते ती मात्र तेथील हिवाळ्याची. ऑक्टोबर सरू लागला, की उन्हाची धार बोथट होते, मंडईत मुळ्या-गाजरांचे ढीग दिसू लागतात आणि ज्याच्या दाराशी हातभर जमीन आहे असा प्रत्येक जण अडगळीतून खुरपे शोधून काढतो. माझे यजमान केंद्र सरकारच्या सेवेत होते. त्यामुळे सरोजिनी नगरातील एका तळमजल्याच्या सरकारी निवासस्थानात आम्ही १९९८ ते २०१७ अशी १९ वर्षे काढली. त्या घराच्या अंगणाने आम्हांला भाजी दिली, शेजाराने एक परदेशी पदार्थ दिला आणि आपल्या मालकीच्या नसलेल्या घरात राहताना उद्याची तजवीज कशी करावी, हेही त्याच घराने, थोडे उशिराच, शिकवले.

सरोजिनी नगर म्हटले, की आज कोणालाही तेथील कपड्यांचा बाजार आठवतो. परदेशी पाठवण्यातून उरलेले कपडे स्वस्तात मिळण्याचे ते ठिकाण म्हणून त्याची ख्याती साऱ्या देशात आहे. परंतु बाजाराच्या पाठीमागे पसरलेली वसाहत हे सरोजिनी नगरचे खरे रूप होते. पूर्वी विनय नगर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या भागाला पुढे सरोजिनी नायडू यांचे नाव मिळाले. केंद्रीय कर्मचाऱ्यांसाठी बांधलेली बैठी-दुमजली घरे, मध्ये हिरवळीचे चौक, कडुनिंब आणि जांभळाची जुनी झाडे, आणि एकाच जिन्यावर तमिळ, बंगाली, गढवाली, मणिपुरी, मराठी अशी बिऱ्हाडे. वरच्या मजल्यावरच्यांना कुंड्यांवर समाधान मानावे लागे. आम्हां तळमजल्यावरच्यांना पुढे चार हात आणि मागे सहा हात जमीन मिळाली होती. या जमिनीची एकच अट होती: नोकरी संपली, की काही महिन्यांत घर रिकामे करायचे.

मुळ्याचे वेळापत्रक

दिल्लीतील परसबाग म्हणजे हवामानाशी केलेला सततचा तह होय. मे-जूनमध्ये पारा ४५ अंशांपर्यंत चढतो आणि जानेवारीच्या पहाटे तो ४ अंशांपर्यंतही उतरतो. कोकणात किंवा पुण्यात वाढलेल्या आमच्या सवयी येथे उपयोगी पडत नाहीत. पहिल्या वर्षी मी उत्साहाने मार्चमध्ये पालक पेरला. तो लवकरच फुलोऱ्यावर आला आणि पाने कडू झाली. दिल्लीत भाजीचा खरा हंगाम ऑक्टोबर ते मार्च हा आहे, ही गोष्ट मला खालच्या आळीत काम करणाऱ्या माळीबुवांनी समजावली.

त्यांनीच पुसा येथील भारतीय कृषी संशोधन संस्थेच्या बियाण्याची ओळख करून दिली. ही संस्था मूळची बिहारमधील पुसा गावची. १९३४ च्या भूकंपात तेथील इमारत जमीनदोस्त झाल्यावर १९३६ साली ती दिल्लीस आली आणि येताना गावाचे नावही बरोबर घेऊन आली. संस्थेने विकसित केलेला ‘पुसा चेतकी’ हा मुळा उन्हाळा-पावसाळ्यातही येतो आणि ४० ते ४५ दिवसांत काढणीस तयार होतो. ‘पुसा हिमानी’ मात्र थंडीचा. मुळ्याला जमीन खोलवर भुसभुशीत लागते. खडा आडवा आला, की कंद दुभंगतो. ताजे शेणखत घातले, तर पाला माजतो आणि खाली बोटभर मुळी राहते. बी अर्धा इंच खोल पेरावे, रोपे चार पानांची झाली, की विरळणी करून दोन रोपांत चार-सहा इंच अंतर ठेवावे. ही विरळणी करताना हात कचरतो. पण ती टाळली, की सगळेच मुळे खुजे राहतात. सगळे बी एकाच दिवशी न पेरता दर पंधरवड्याला एकेक ओळ पेरावी, म्हणजे चार महिने ताटात मुळा राहतो. आम्ही पहिल्या वर्षी सर्व बी एकदम पेरले आणि डिसेंबरात एका आठवड्यात सुमारे वीस किलो मुळा निघाला. कोशिंबीर, पराठे, सांबार, शेजाऱ्यांना वाटणे, सगळे झाले, तरी टोपली रिकामी होईना.

शेजारच्या दीदी

त्या टोपलीवर उपाय सांगितला तो वरच्या मजल्यावरील मणिपुरी दीदींनी. “इसका किमची बना देते हैं,” असे म्हणून त्या मुळे घेऊन गेल्या आणि चौथ्या दिवशी लालभडक, आंबट-तिखट फोडींची बरणी घेऊन उतरल्या. इम्फाळच्या बाईंच्या स्वयंपाकघरात कोरियाचा पदार्थ कसा, हा प्रश्न मला पडलाच. त्याचे उत्तर मजेशीर आहे. २००० साली मणिपुरातील एका बंडखोर संघटनेने हिंदी चित्रपटांवर बंदी लादली. रिकाम्या झालेल्या पडद्यावर आणि केबलवर कोरियन मालिका आल्या आणि त्यांच्याबरोबर केशभूषा, पोशाख व खाद्यपदार्थही आले. मुळात आंबवलेले बांबूचे कोंब आणि आंबवलेली मासळी ज्यांच्या रोजच्या जेवणात आहे, त्यांना किमची परकी वाटली नसावी. पुढे दिल्लीतही कोरियाविषयीचे आकर्षण वाढत गेले. लाजपत नगरात २०१२ साली कोरियन सांस्कृतिक केंद्र सुरू झाले. सरोजिनी नगरापासून जवळच असलेल्या हुमायूँपूरच्या गल्ल्यांत ईशान्य भारतीय खाणावळींच्या शेजारी कोरियन जिन्नस मिळू लागले, आणि आयएनए बाजारात चिनी कोबी मागितला, तर भाजीवाला आता चमकून पाहत नाही.

किमची म्हणजे मीठ लावून आंबवलेली भाजी. चिनी कोबीची किमची प्रसिद्ध असली, तरी मुळ्याच्या चौकोनी फोडींची ‘क्काक्तुगी’ ही तितकीच घरगुती आहे आणि आपल्याला करण्यास सोपी. एक किलो मुळा सोलून पाऊण इंचाच्या फोडी कराव्यात. त्याला २५ ग्रॅम मीठ चोळून तासभर ठेवावे. सुटलेले पाणी टाकून न देता अर्धे राखून ठेवावे. अर्धी वाटी पाण्यात चमचाभर तांदळाचे पीठ शिजवून त्याची पातळ पेज करावी व ती थंड झाल्यावर तीत लसणाच्या आठ-दहा पाकळ्या व इंचभर आले वाटून, चमचाभर साखर आणि तीन-चार मोठे चमचे तिखट कालवावे. कोरियन तिखट रंगाला गडद आणि चवीला सौम्य असते. आपल्याकडे ती जागा ब्याडगी मिरची उत्तम भरून काढते. कोरियात यात खारवलेली कोळंबी किंवा मासळीचा अर्क घालतात. शाकाहारी घरात तो वगळला, तरी बिघडत नाही. फोडी, चिरलेली कांद्याची पात आणि हा लेप एकत्र करून, लागल्यास राखून ठेवलेले पाणी घालून काचेच्या बरणीत दाबून भरावे. बरणीचा पाव भाग रिकामा सोडावा आणि झाकण घट्ट आवळू नये.

पुढचे काम डोळ्यांना न दिसणारे जीवाणू करतात. मिठामुळे भाजी नासवणारे बहुतेक जंतू मागे पडतात. मिठात तग धरणारे दुग्धाम्ल जीवाणू मात्र भाजीतील साखर खाऊन आम्ल तयार करतात. आम्ल वाढले, की इतर जंतूंना तेथे जागाच उरत नाही. या क्रियेत वायू सुटतो, म्हणून झाकण सैल ठेवायचे आणि रोज स्वच्छ, कोरड्या चमच्याने फोडी रसाखाली दाबायच्या. दिल्लीच्या डिसेंबरात तीन-चार दिवस लागतात, उन्हाळ्यात एक दिवस पुरतो. नंतर बरणी शीतकपाटात ठेवावी. आपले तेला-मिठाचे लोणचे वेगळ्या वाटेने टिकते, पण दिल्लीकर हिवाळ्यात काळ्या गाजराची जी कांजी उन्हात ठेवतात, ती किमचीची चुलत बहीणच म्हणावी लागेल. एक सूचना मात्र आवश्यक आहे: किमचीत मीठ बरेच असते. रक्तदाबाच्या रुग्णांनी ती चवीपुरतीच घ्यावी.

जाता जाता आणखी एक गोष्ट. किमची आज लाल असते, पण ती तशी नेहमीच नव्हती. मिरची अमेरिकेतून निघाली. पोर्तुगिजांनी ती गोव्यास आणली आणि सोळाव्या शतकाच्या अखेरीच्या सुमारास ती कोरियात पोहोचली. आपली लाल आमटी आणि त्यांची लाल किमची, दोन्ही एकाच जहाजाच्या ऋणी आहेत असे म्हणण्यास हरकत नाही.

कोरियाची दुसरी बाजू

कोरियात नोव्हेंबर-डिसेंबरात शेजारीपाजारी एकत्र जमून हिवाळाभराची किमची घालतात. या प्रथेस ‘किमजांग’ म्हणतात. २०१३ साली युनेस्कोने तिची नोंद मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशात केली. पूर्वी मातीचे रांजण जमिनीत पुरून ठेवीत, म्हणजे बर्फातही किमची गोठत नसे. कोबी खरेदीसाठी या दिवसांत नोकरदारांना ‘किमजांग बोनस’ देण्याचीही रीत होती. आपल्या दिवाळीच्या सानुग्रह रकमेची ती नातलग दिसते.

ज्या समाजाने भाजीच्या साठवणीची एवढी काळजी घेतली, त्याच समाजाचे वृद्धापकाळाच्या साठवणीकडे मात्र दीर्घकाळ दुर्लक्ष झाले, हे वाचून मला धक्का बसला होता. दक्षिण कोरियाची राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजना १९८८ साली सुरू झाली. त्यापूर्वी कष्ट करून देश उभा करणाऱ्या पिढीच्या खात्यात तिच्यासाठी पुरेशी वर्षेच जमा झाली नाहीत. मुलांच्या शिक्षणावर सर्वस्व खर्च करावे आणि मुलांनी सांभाळावे, हा तेथला हिशेब होता. तो शहरीकरणात चुकला. प्रगत देशांच्या संघटनेतील देशांत वृद्धांमधील दारिद्र्याचे प्रमाण कोरियात सर्वाधिक, सुमारे ४० टक्के, राहिले आहे. हा हिशेब आपल्याला अनोळखी नाही, म्हणूनच तो येथे नमूद केला.

एकाच टेबलावरचे दोन कर्मचारी

आमच्या वसाहतीत १ जानेवारी २००४ या तारखेने एक अदृश्य भिंत उभी केली. त्याआधी केंद्रीय सेवेत रुजू झालेल्यांना जुने निवृत्तिवेतन, म्हणजे अखेरच्या वेतनाशी निगडित आणि महागाई भत्त्यासह वाढणारे. त्यानंतर आलेल्यांना, सशस्त्र दले वगळता, राष्ट्रीय निवृत्तिवेतन प्रणाली, म्हणजे दरमहा वेतनातून १० टक्के आणि सरकारचे अंशदान (२०१९ पासून १४ टक्के) बाजारात गुंतवून जमेल तो निधी. निवृत्तीच्या वेळी त्यातील किमान ४० टक्के रक्कम वार्षिकीत गुंतवावी लागते, आणि वार्षिकीला महागाई भत्ता नसतो. १ एप्रिल २०२५ पासून एकीकृत निवृत्तिवेतन योजनेचा पर्याय आला आहे. त्यात २५ वर्षांची सेवा झालेल्यास अखेरच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या निम्मे निवृत्तिवेतन व त्यावर महागाई साहाय्य मिळते. किमान दहा वर्षे सेवा असल्यास दरमहा १०,००० रुपयांची हमी आहे. कोणता पर्याय कोणाला लाभदायक, याचे एकच उत्तर नाही. सेवेची वर्षे, घरातील अवलंबून असणारी माणसे आणि हाती एकरकमी पैसा किती हवा, यांवर ते ठरते.

खाजगी नोकरी किंवा व्यवसाय करणाऱ्यांपैकी बहुतेकांना एवढाही आधार नाही. त्यांची मदार सार्वजनिक भविष्य निर्वाह निधी, मुदत ठेव, आवर्ती ठेव यांवर. येथे बागकामाची उपमा देण्याचा मोह होतो, आणि ती इतक्यांदा देऊन झाली आहे, की संकोचही वाटतो. शिवाय ती पूर्ण खरीही नाही. मुळ्याची पेरणी चुकली, तर पुढच्या पंधरवड्यात पुन्हा पेरता येते. बचतीतील गेलेले दशक पुन्हा मिळत नाही. दरवर्षी एप्रिलच्या ५ तारखेपूर्वी ६०,००० रुपये भविष्य निर्वाह निधीत भरले आणि सध्याचा ७.१ टक्के दर कायम राहील असे धरले, तर ४५ व्या वर्षी सुरुवात करणाऱ्यास साठीला सुमारे १६ लाख २७ हजार रुपये मिळतील. ३५ व्या वर्षी सुरुवात करून मुदत वाढवत नेणाऱ्यास सुमारे ४१ लाख २३ हजार. त्याने जास्त भरले फक्त ६ लाख. फरक पडला जवळपास २५ लाखांचा. बँकेच्या खिडकीपलीकडे बसून मी वर्षानुवर्षे ग्राहकांना हे सांगत असे, आणि माझे स्वतःचे खाते मी उघडले ते पंचेचाळिसाव्या वर्षी. कारण विचाराल, तर तेच, जे प्रत्येक ग्राहक सांगतो: मुलीची फी, सासूबाईंचे आजारपण, गावच्या घराचे छप्पर.

निवृत्तीचा दिवस

सरकारी कर्मचाऱ्याच्या आयुष्यात सर्वाधिक पैसा एकाच आठवड्यात हाती येतो तो निवृत्तीनंतर. उपदान (केंद्रीय कर्मचाऱ्यांसाठी १ जानेवारी २०२४ पासून त्याची कमाल मर्यादा २५ लाख), शिल्लक अर्जित रजेचे कमाल ३०० दिवसांपर्यंतचे वेतन, भविष्य निधी, निवृत्तिवेतनाच्या अंशराशीकरणाची रक्कम. आणि त्याच वेळी डोक्यावरचे सरकारी छप्परही जाते. ही गाठ सरोजिनी नगरात मी अनेक घरांत पाहिली. माझ्या यजमानांच्या एका सहकाऱ्यांनी सारी रक्कम दिल्लीजवळच्या एका बांधकाम चालू असलेल्या सदनिकेत घातली. सदनिका वर्षानुवर्षे मिळाली नाही, भाडे मात्र दरमहा द्यावे लागले. त्यांच्या पत्नीने मला एकदा सांगितले, “घर नाही याचे दुःख नाही हो, पण आता औषधाला पैसे मुलाकडे मागावे लागतात.” हे वाक्य मी विसरू शकलेले नाही. घर घ्यायचे, तर निवृत्तीच्या आधी दहा वर्षे त्याची तयारी हवी आणि शक्यतो ताबा मिळण्यास तयार असलेले घर पाहावे, एवढेच मी म्हणेन.

उरलेल्या रकमेपैकी निश्चित उत्पन्नासाठी ज्येष्ठ नागरिक बचत योजना हा आजही भक्कम आधार आहे. २००४ साली सुरू झालेल्या या योजनेची मर्यादा १ एप्रिल २०२३ पासून १५ लाखांवरून ३० लाख झाली. तेव्हापासून लागू असलेल्या ८.२ टक्के दराने ३० लाखांवर दर तिमाहीस ६१,५०० रुपये, म्हणजे महिन्यास २०,५०० रुपये पडतात. दर सरकार तिमाहीस जाहीर करते. पण आपण ज्या दराने खाते उघडले तो पाच वर्षे बदलत नाही. व्याज करपात्र आहे, हे विसरू नये. आणि ही रक्कम पाच वर्षे तेवढीच राहते, हेही. महागाई ६ टक्के धरली, तर आज महिना ३०,००० रुपयांत चालणाऱ्या घरास बारा वर्षांनी ६०,००० लागतील. म्हणून मिळालेले सर्व व्याज खर्चून टाकणे परवडत नाही. सुरुवातीच्या वर्षांत त्यातील काही भाग पुन्हा ठेवीत गेला पाहिजे. २०१० च्या शरद ऋतूत अतिवृष्टीमुळे कोरियात कोबीचे भाव कडाडले आणि किमची महाग झाली, तेव्हा तेथील गृहिणींनाही ही गोष्ट वेगळ्या रीतीने कळली असेल.

काही बाबी किरकोळ वाटतात, पण त्यांवाचून कुटुंबे अडतात. एका बँकेतील एका ठेवीदाराच्या ठेवींना व्याजासह ५ लाखांपर्यंतच विमा संरक्षण आहे (४ फेब्रुवारी २०२० पूर्वी ते १ लाख होते). पती-पत्नीचे खाते ‘दोघांपैकी एक किंवा हयात व्यक्ती’ या पद्धतीचे असावे. नामनिर्देशन केलेले असावे. १ नोव्हेंबर २०२५ पासून ठेव खात्यास चारपर्यंत व्यक्ती नामनिर्देशित करता येतात. निवृत्तिवेतनधारकांनी नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावयाचा असतो. ८० वर्षांवरील ज्येष्ठांना तो ऑक्टोबरपासून देता येतो, आणि २०१४ पासून ‘जीवन प्रमाण’द्वारे घरबसल्याही. शाखेतील सहकाऱ्यांना विनंती, की थरथरत्या बोटांचा ठसा यंत्राने घेतला नाही, तर आजोबांना “उद्या या” म्हणण्यापूर्वी दुसरा मार्ग पाहावा.

अंगण गेल्यावर

२०१६ साली केंद्रीय मंत्रिमंडळाने दक्षिण दिल्लीतील सात सरकारी वसाहतींच्या पुनर्विकासास मंजुरी दिली. त्यांत सरोजिनी नगर होते. २०१८ च्या उन्हाळ्यात झाडे तोडण्याविरुद्ध नागरिक रस्त्यावर उतरले आणि जुलैत उच्च न्यायालयाने वृक्षतोडीस स्थगिती दिली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तेथे मेट्रोचे स्थानक सुरू झाले. जानेवारी २०२५ मध्ये तेथील २८ मनोऱ्यांतील अडीच हजारांहून अधिक नव्या सदनिकांचे उद्घाटन झाले. जुन्या घरांना ओल येई, तारा उघड्या पडत. नव्या पिढीला चांगली घरे मिळणे योग्यच आहे. तरीही आमच्या मागच्या अंगणाची जागा मला आता दाखवता येणार नाही, याची रुखरुख वाटते.

आम्ही पुण्यास आलो. येथे अंगण नाही, सज्जा आहे. त्यात फूटभर खोलीच्या दोन कुंड्यांत माती, गांडूळखत आणि कोकोपीट समभाग घालून मुळा लावतो. एका वेळी आठ-दहाच निघतात, पण तेवढ्याची एक लहान बरणी होते. दीदी इम्फाळला परतल्या. दूरध्वनीवर त्यांना मी अजून मिठाचे प्रमाण विचारते.

माळीबुवांची गोष्ट सांगायची राहिली. मे २०१५ मध्ये अटल पेन्शन योजना आली, तेव्हा ते ३९ वर्षांचे होते. या योजनेत प्रवेशाचे वय १८ ते ४०. दरमहा ५,००० रुपयांच्या पेन्शनसाठी अठराव्या वर्षी महिना २१० रुपये भरावे लागतात, चाळिसाव्या वर्षी तेच १,४५४ होतात. ते ऐकून माळीबुवा हसले, “बहनजी, अठारह की उमर में तो हम गाँव में भैंस चराते थे।” त्यांनी २,००० रुपयांची पेन्शन निवडली, हप्ता ५२८ रुपये. रक्कम मोठी नाही, आणि २०३६ साली ती आणखी लहान वाटेल, हे मी त्यांना स्पष्ट सांगितले होते. पण अर्ज भरला त्या दिवशी त्यांनी माझ्याकडून पेन मागून घेतले आणि घरी असलेल्या विशीतल्या मुलासाठी आणखी एक कोरा अर्ज नेला.